मोहाखालचे रोप

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत ऑलिव्हला जे स्थान आहे ते आपल्याकडे कोणत्या झाडाला द्यावे, असे विचारले तर कोकणातला माणूस नारळाचे नाव घेईल, देशावरचा कदाचित आंब्याचे. माहूर-किनवटच्या डोंगरपट्ट्यात मात्र हा मान मोहाचा आहे. दोन्ही झाडे तेलाची, दोन्ही दीर्घायुषी, दोन्ही उथळ आणि कोरड्या जमिनीत तग धरणारी. दोन्ही झाडे अर्धी निसर्गाची आणि अर्धी माणसाची आहेत, हे त्यांच्यातले खरे साम्य. ऑलिव्हची जुनी बाग माणसाने राखली म्हणून टिकली आणि तिच्या आधाराने पक्षी, कीटक, गवते टिकली. मोह कुणी ओळीने लावला नाही. पण शेतासाठी रान तोडताना इतर झाडांवर कुऱ्हाड पडली आणि मोह तेवढा उभा ठेवला गेला, म्हणून तो आज बांधावर, पडीत जमिनीत आणि गावालगतच्या रानात दिसतो. अशा झाडाचे भवितव्य वनखात्याच्या कुंपणावर किंवा बाजारभावावर ठरत नाही. झाडाखाली जमणाऱ्या माणसांनी आपापसांत काय ठरवले, त्यावर ते ठरते. हे म्हणणे ऐकायला सोपे असले तरी ते सिद्ध करावे लागते, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांचे काही मुद्दे वजनदार आहेत. ही प्रस्तावना त्यासाठीच आहे.

माहूर म्हटले की महाराष्ट्राला रेणुकामाता आठवते, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर आठवते, फार तर रामगड. साडेतीन पीठांपैकी एक असल्याने नवरात्रात आणि दत्तजयंतीला येथे लोटणारी गर्दी डोंगर पाहते, पण त्या डोंगरावरचे रान क्वचितच पाहते. मराठवाड्यात जंगल एकूण कमीच. जे सलग म्हणावे असे उरले आहे त्याचा मोठा वाटा नांदेड जिल्ह्यातल्या किनवट आणि माहूर या तालुक्यांत आहे. सागाचे कोरडे पानझडी रान, त्यात ऐन, धावडा, सालई, तेंदू, चारोळी, पळस, बेल आणि मोह. उत्तरेला पैनगंगा वळसा घालते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि पैनगंगा अभयारण्य, दक्षिण-पूर्वेला तेलंगणातला आदिलाबाद. हा प्रदेश तीन कारभारांच्या सांध्यावर आहे आणि तो सांधाही फार जुना नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट हैदराबाद संस्थानातून आलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. ज्या गोंड-कोलामांनी १९४० मध्ये जोडेघाटला गोंड पुढारी कुमरम भीमच्या मागे उभे राहून निजामाच्या जंगल कारभाराला आव्हान दिले, त्यांचेच सोयरेधायरे आजही या बाजूला आहेत. गोंड, कोलाम, आंध, परधान आणि त्यांच्या जोडीला बंजारा तांडे व इतर शेतकरी अशी ही वस्ती. मोहाशी प्रत्येकाचे नाते निरनिराळे. कुणाला तो रानातला हवा, कुणाला बांधावरचा, आणि कुणाला तो पिकावर सावली धरतो म्हणून नकोसा.

मोहाचे वर्ष माघ-फाल्गुनात पानगळीने सुरू होते. होळीच्या आसपास निष्पर्ण फांद्यांना फुलांचे घोस लागतात, आणि मार्च-एप्रिलभर ती गुबगुबीत, गोड फुले रात्री उशिरा व पहाटे जमिनीवर टपटपत राहतात. वाळलेल्या फुलाच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो, म्हणून दुष्काळात याच फुलांनी कुटुंबे जगवली. पुढे उन्हाळा सरता सरता टोळंबी, म्हणजे मोहाचे फळ, पिकते. तिच्या बियांच्या गरात जवळपास निम्मे तेल. हे तेल थंडीत तुपासारखे थिजते, स्वयंपाकात चालते, दिव्यात चालते, साबणाला चालते, आणि उरलेली पेंड शेतात किडीवर उपयोगी पडते. माणसाखेरीज या झाडाचे वाटेकरी पुष्कळ आहेत. रात्री फुलांवर येणारी फलाहारी वटवाघळे परागण करतात आणि पुढे फळे दूर नेऊन टाकतात. पहाटे अस्वल झाडाखाली येते, आणि फुले वेचायला गेलेल्या बायकांची व त्याची गाठ पडली की अनर्थ होतो. चितळ, सांबर, रानडुक्कर खाली पडलेली फुले खातात, पोपट-धनेश फळांवर येतात, जुन्या खोडांच्या ढोलींत पक्ष्यांची घरटी असतात. पैनगंगेच्या खोऱ्यात मार्च-एप्रिलचा काळ एरवी खडखडाटाचा. गवत वाळलेले, पाणवठे आटत आलेले. नेमक्या त्या दोन महिन्यांत एकटे मोहाचे झाड एवढ्या जिवांना अन्न पुरवते. उद्या मोह गेला तर यादीतले एक झाड कमी झाले एवढ्यावर ते भागणार नाही.

आणि मोह जाण्याच्या वाटेवर आहे. हे मात्र सहज डोळ्यांत भरत नाही, कारण मोठी झाडे जागच्या जागी उभी असतात. मध्य भारतातल्या मोहाच्या रानांचा अभ्यास करणारे वर्षानुवर्षे एकच गोष्ट नोंदवत आले आहेत : गावालगत म्हातारी झाडे आहेत आणि त्यांच्याखाली रोपे नाहीत. कारणे दोन. पहिले आगीचे. फुले पालापाचोळ्यात हरवू नयेत म्हणून वेचणीआधी झाडाखालचा पाला पेटवतात. त्यात मागच्या पावसात उगवलेले कोवळे रोप जळते, आणि वाऱ्याने आग पसरली तर रानच जळते. दुसरे कारण बियांचे. टोळंबीला भाव असल्यामुळे बी जमिनीवर फार वेळ राहत नाही. जे राहते त्यालाही अवधी थोडा, कारण मोहाचे बी वाळवून ठेवता येत नाही. काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती संपते. पहिल्या पावसात ओल्या मातीत पडले तर उगवते, नाही तर नाही. त्यातून एखादे वाचलेच तर गुरे आहेत. फळ धरायला मोहाला आठ-दहा ते पंधरा वर्षे लागतात. झाड दीर्घायुषी असल्याने आज ज्या झाडाखाली फुले वेचली जातात ते आजोबांच्या आधीच्या पिढीने राखलेले असते आणि आजची पिढी पुढच्यांसाठी काही राखत नसते. जंगलतोड झाली की ओरड होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. रोप न उगवल्याची बातमी होत नाही.

यात दोष कुणाचा, हा प्रश्न घाईने सोडवला की उत्तर चुकते. वेचणारी बाई अडाणी म्हणून पाला पेटवते, हे उत्तर सोयीचे असले तरी खोटे आहे. तिला रोप जळते हे ठाऊक असते. पण तिने यंदा पाला न पेटवता हाताने झाडला, चार पायल्या बी झाडाखाली सोडले, तर ते बी दुसरे कुणीतरी उचलणार. तिचा तोटा नक्की, रानाचा फायदा अनिश्चित. चारोळीचे याहून वाईट झाले. भाव चांगला, झाड सगळ्यांचे, म्हणून जो आधी पोचेल तो फळ पिकण्याआधीच ओरबाडतो, फांद्या मोडून नेतो, कारण थांबणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने सामायिक कुरणाबद्दल हाच तर्क मांडला आणि त्यावर दोनच औषधे सांगितली : सरकारी मालकी किंवा खाजगी मालकी. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळचे पाट, जपान-स्वित्झर्लंडची गायराने, मासेमारीचे किनारे असे जगभरचे दाखले तपासून दाखवले की तिसरी वाटही आहे. वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच पहारा ठेवला, चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक दंड केला, तर सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. मोहाच्या बाबतीत हार्डिनची दोन्ही औषधे आपण वापरून पाहिली आहेत, म्हणून तिसऱ्याकडे वळण्याआधी त्या दोहोंचा हिशेब पाहणे न्याय्य ठरेल.

सरकारी औषधाचा इतिहास लांब आहे आणि त्यात झाडापेक्षा महसुलाची काळजी जास्त दिसते. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदा झाला. हेतू झाड वाचवण्याचा नव्हता, गावठी दारू थांबवून अबकारी उत्पन्न राखण्याचा होता. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी कायद्याच्या आधाराने फुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर निर्बंध राहिले. महाराष्ट्राने ते २०२१ साली उठवले. मधल्या काळात आदिवासी कुटुंबाला आपल्याच अंगणात वाळवलेली फुले मोसमापलीकडे ठेवणे जोखमीचे झाले, आणि ज्याला ठेवता येत नाही त्याने पडेल भावाने विकायचे हा बाजाराचा नियमच आहे. फुले स्वस्तात घेऊन तीच पुढे महागात विकणारा व्यापारी या निर्बंधांवर पोसला. दुसरीकडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने मोह संरक्षित झाडांच्या यादीत घातला. परवानगीवाचून तो तोडता येत नाही. हा कायदा चांगला आहे, पण तो उभ्या झाडाचे रक्षण करतो. न उगवलेल्या रोपाला कोणता कायदा वाचवणार? वनखात्याचे लक्ष पूर्वापार सागावर. निजामाच्या काळापासून या रानाची किंमत सागाच्या घनफुटांत मोजली गेली. वृक्षलागवडीच्या मोहिमांत मोहाची रोपे नसतात असे नाही, पण ज्या बियांना जून उलटू द्यायचा नाही त्यांचे वेळापत्रक कागदोपत्री मंजुरीच्या वेळापत्रकाशी जुळणे कठीण.

खाजगी औषधाचे दाखले आपल्याला ऑलिव्हच्याच जगात मिळतात. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात, विशेषतः खाएन जिल्ह्यात, क्षितिजापर्यंत ऑलिव्हखेरीज काही दिसत नाही. खाजगी मालकी आणि चांगला भाव यांनी झाडे वाढली, पण झाडांखालचे गवत तणनाशकाने मारले गेले, बांध गेले, माती वाहू लागली, पक्षी कमी झाले. इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये झायलेला नावाचा जिवाणू आढळला आणि एकाच झाडावर विसंबलेल्या त्या प्रदेशात लाखो झाडे वाळली. आपल्या राजस्थानने २००७ च्या सुमारास इस्रायलमधून रोपे आणून ऑलिव्हची शेती सुरू केली, २०१४ मध्ये लूणकरणसरला तेल शुद्धीकरणाचा कारखानाही काढला. प्रयोग म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मराठवाड्यातही असे काही परदेशी झाड आणावे, किंवा मोहाचीच कलमे करून खाजगी बागा लावाव्यात, असे सुचवणाऱ्यांनी स्पेनचा पुढचा अध्याय वाचावा. तिथे २०१५ पासून पक्षिमित्रांची संघटना, खाएनचे विद्यापीठ आणि शेतकरी यांनी मिळून ‘ओलिवारेस व्हिवोस’ म्हणजे ‘जित्या ऑलिव्हबागा’ नावाचा उपक्रम केला. वीस बागांत झाडांखाली गवत राहू दिले, कडेने झुडपे लावली, पाणवठे केले, पक्षी-मुंग्या-मधमाश्या मोजल्या आणि अशा बागेच्या तेलाला वेगळे चिन्ह देऊन बाजारात आणले. उत्पादन फारसे न घटवता जीवसृष्टी परत आणता येते, असे त्यांना दिसले. म्हणजे खाजगी मालकीच्या बागेलाही अखेर शेजारी, संशोधक आणि ग्राहक यांचे सहकार्य शोधावे लागले. आपल्याकडचा मोह तर मुळातच सामायिक आहे.

सामायिकाचा कारभार चालवायला लागणारी साधने आता कायद्यात आहेत. किनवट-माहूरचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्रातले २०१४ चे नियम इथे लागू आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनाचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन हे दोन्ही हक्क ग्रामसभेला दिले. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले आहेत. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला तेव्हा बरीच चर्चा झाली, पण त्या गावाची खरी पुंजी आधीची होती : सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय आणि निर्णयाआधी विषय समजून घेणारे अभ्यासगट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने आपल्या मुद्द्यासाठी सगळ्यांत मोलाचा दाखला दिला. बांबूतून उत्पन्न सुरू झाल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपानांची तोडणी आपणहून बंद केली. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, रान पेटवले जाते, फळ धरत नाही, असे त्यांचे कारण. रोख पैसा सोडून देणारा असा निर्णय वनखाते लादू शकले नसते आणि एकटे कुटुंब घेऊ शकले नसते. अमरावतीच्या पायविहीरने उजाड टेकडी राखली, तिथली सीताफळे स्वतःच्या नावाने मुंबई-पुण्याला विकली आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला.

यावर पहिला आक्षेप येतो की ही तीन नावे नेहमीचीच आहेत आणि बाकीच्या गावांत ग्रामसभा म्हणजे सह्यांचे रजिस्टर. आक्षेप खरा आहे. हक्काचा कागद कपाटात आणि जंगलाचा आराखडा कुणी केलेलाच नाही, अशी गावे पुष्कळ. गावातले वजनदार लोक आणि बाहेरचे ठेकेदार मिळून ग्रामसभा खिशात घालतात, हेही घडते. पण यातून ग्रामसभा नको असे निघत नाही, तिला हिशेब हवा एवढेच निघते. पाडा किंवा तांडा एवढ्या लहान घटकाची सभा, वेचणाऱ्या बायकांची तिच्यात खरीखुरी हजेरी आणि विक्रीचा हिशेब सगळ्यांसमोर वाचणे, या तीन गोष्टी जिथे झाल्या तिथे सभा टिकल्या. शंभर वर्षांहून जास्त काळ चाललेल्या खात्याच्या कारभाराला जेवढी सवलत आपण देतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याचा धीर दीड दशकाच्या ग्रामसभांना द्यायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप दारूचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. व्यसनाने घरे बसली आहेत, हे आदिवासी भागातल्या बायका कुणाहीपेक्षा जास्त जाणतात. परंतु फुलांवरच्या निर्बंधांनी दारू थांबल्याचा पुरावा नाही. फुले चोरून गेली आणि वेचणाऱ्याला भाव मिळाला नाही, एवढे मात्र झाले. दारूबद्दल गावाने, विशेषतः गावातल्या बायकांनी, जो नियम करायचा तो करावा. तो फुलाच्या साठ्यावरच्या नियमापासून वेगळा असावा. शिवाय टोळंबीच्या तेलाला हा प्रश्न लागू होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : भाव वाढला की ओरबाडणे वाढेल. लाडू, सरबत, साबण, ‘वारसा मद्य’ असे मोहाचे नवे बाजार उघडत असताना चारोळीचे झाले तेच मोहाचे का होणार नाही? होईल, नियमाआधी बाजार आला तर नक्की होईल. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सभेने ठरवायचे की कोणत्या झाडांखाली यंदा बी वेचायचे नाही, कोणाच्या वाट्याला कोणती झाडे, पाला कसा झाडायचा, आणि मग विकायचे. पाला न जाळता झाडाखाली जाळे किंवा जुनी लुगडी पसरली की फूल स्वच्छ मिळते आणि स्वच्छ फुलाला भावही चढा मिळतो. ऑलिव्हची फळेही भूमध्य देशांत अशाच जाळ्यांवर झाडून घेतात. पर्यावरणाचा नियम आणि चार पैशांचा फायदा असे एका दोरीत येण्याचे प्रसंग कमी असतात. हा त्यांपैकी एक आहे, तो वाया घालवू नये.

वाघाचे काय, असे अभयारण्यवाले विचारतील. २०१९ मध्ये गळ्यात पट्टा घातलेला टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ यवतमाळ, तेलंगणा, मराठवाडा ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळा मिळून तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. त्याची वाट बहुतेक शेते, बांध, नाले आणि गावांची सामायिक राने यांतूनच गेली. अभयारण्याच्या कुंपणाबाहेर मोह-पळसाची विरळ राने उरली नाहीत तर टिपेश्वर, पैनगंगा आणि तेलंगणातले कवाल ही तीन बेटे होतील. वाघाला लागणारी वाट राखण्याचे काम वनरक्षकाच्या हातात नाही, बांधावर मोह राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात आहे.

म्हणूनच माहूरमध्ये हे सहकार्य एका गावापुरते पुरत नाही. वेचणारे गोंड-कोलाम रानात आहेत. बांधावरचा मोह कापूस-सोयाबीन करणाऱ्या आंध, बंजारा आणि इतर शेतकऱ्यांचा आहे, आणि तणनाशकाने मरणारे रोप त्यांच्याच शेतात असते. ग्राहक देवीच्या पायऱ्यांवर आहे. रेणुकेच्या तांबुलाचा प्रसाद घरी नेणाऱ्या भाविकाला मोहाचे तेल किंवा लाडू विकायला वेगळी जाहिरात लागणार नाही. गावाची जैवविविधता नोंदवही तयार करण्याची जबाबदारी २००२ च्या कायद्याने स्थानिक समितीवर टाकली आहे. त्या वहीत मोहाच्या जुन्या झाडांसोबत त्याखालची रोपे मोजली गेली तर पाच वर्षांत खरेखोटे कळेल. पैनगंगेपलीकडच्या गावांशीही बोलावे लागेल, कारण आग आणि गुरे जिल्ह्याची हद्द मानत नाहीत.

मोहाची फुले होळीला पडू लागतात, म्हणून हे ठरवायची सभा माघातच व्हायला हवी. त्या सभेत एकच ठराव झाला तरी पुरे : यंदा झाडाखाली आग लावायची नाही, आणि दर दहा झाडांमागे एका झाडाचे बी जूनपर्यंत तिथेच राहू द्यायचे.